बाहुल्या बघितल्यात का?

अण्णांच्या मधल्या बोटात काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी होती आणि ती काही केल्या निघत नव्हती.

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी अंगावरचा सगळा धातू काढावा लागतो, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. तरी आमच्याकडे आलेल्या माणसाच्या अंगावर काय निघेल याचा नेम नाही. बायकांच्या ब्लाउजला आतून लावलेल्या पिना, जोडवी, खिशात चुन्याची डबी, करदोट्यात ओवलेली कपाटाची किल्ली, दंडाला ताईत. सोनं-चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही, पण घोड्याचा नाल म्हणजे लोखंडच. आमच्या टेक्निशियननं आधी साबण लावला, मग बोटाला दोरा गुंडाळून ती उतरवायची जुनी युक्ती केली. मुलगा ओशाळून म्हणाला, "साडेसाती आहे म्हणून घातलीय." त्याची आई मागून म्हणाली, "साडेसाती न्हाई, करणी हाय."

ही २०१८ सालची गोष्ट. मी सोलापुरात रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून, माणूस न बघता माणसाबद्दल बोलणारी डॉक्टर. अण्णांना मी त्या दिवशी बघितलं ते फक्त अंगठीमुळे खोळंबा झाला म्हणून. (अण्णा हे त्यांचं खरं नाव नाही, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

वय ५८. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत हेडक्लार्क. जुन्या शाळेतले असल्यामुळे पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी सगळी तोंडपाठ. लोक व्याजाचा आकडा कॅल्क्युलेटरला न विचारता त्यांना विचारायचे. दीड वर्षापूर्वी रोजकीर्दीत चुका व्हायला लागल्या. आधी एखादा शून्य, मग बेरजाच जुळेनात. अक्षर बिघडलं, ओळ सोडून खाली घसरायला लागलं. मग बोलताना जीभ जड. मग हात सैल सुटला. चहावाल्या पोराच्या हातात एकदा पाच हजार ठेवले आणि वर "तुला दुकान टाकून देतो" म्हणाले. त्यानंतर साखर कारखाना काढायचा बेत सुरू झाला. जागा बघून आले, सभासदांची यादी केली, चेअरमन कोण तेही ठरवलं.

आता आमच्या जिल्ह्यात साखर कारखाना काढतो म्हणणारा माणूस वेडा ठरत नाही. उलट दोन-चार लोक त्याच्या मागेपुढे करायला लागतात. त्यामुळे घरच्यांना हे दुखणं आहे असं वाटायला आणखी सहा महिने गेले. शेवटी एके दिवशी जेवता जेवता त्यांना फिट आली, आणि तिथून ते आमच्या मशीनपर्यंत पोचले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'फिट, वागणुकीत बदल, मेंदूज्वराची शंका.'

स्कॅन अवघड गेला. अण्णा आत पडल्या पडल्या भाषण करत होते. मशीनचा ठणठणाट सुरू झाला की लोक सहसा घाबरून गप्प होतात. अण्णांना वाटलं हलगी वाजतेय. निम्मी चित्रं हलली, पण कामापुरती हाती लागली.

एमआरआयमध्ये एकाच मेंदूचे अनेक प्रकारे फोटो काढतात. एका प्रकारात पाणी पांढरं दिसतं. फ्लेअर नावाच्या दुसऱ्या प्रकारात मेंदूभोवतीचं मोकळं पाणी काळं करून टाकतात, म्हणजे मेंदूच्या आत जे सुजलेलं, ओलावलेलं असेल तेवढंच पांढरं उठून दिसतं. अण्णांच्या फ्लेअरमध्ये दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला, जिथे आठवण साठवणारा हिप्पोकॅम्पस असतो तिथे, पांढरा पट्टा होता. डावीकडे जास्त.

हे चित्र बघितल्यावर कुठल्याही रेडिओलॉजिस्टच्या तोंडी पहिला शब्द येतो तो हर्पिस. हर्पिसचा विषाणू मेंदूत शिरला की नेमकी हीच जागा धरतो, आणि उपचाराला उशीर झाला तर माणूस जातो, म्हणून तो शब्द आधी लिहायचा हे आम्हाला शिकवलेलंच असतं. दुसरा शब्द ऑटोइम्यून, म्हणजे शरीरानं स्वतःच्याच मेंदूवर केलेला हल्ला. मी दोन्ही लिहिले. खाली आणखी एक ओळ लिहिली, जी आजही मला तोंडपाठ आहे: 'मेंदूचा सौम्य संकोच, वयानुरूप.'

ती ओळ चुकली होती.

अण्णांना हर्पिसचं औषध मिळालं, १४ दिवस शिरेतून. पाठीतलं पाणी काढायला घरच्यांनी नकार दिला. आपल्याकडे ही भीती जबरदस्त आहे. 'पाठीतलं पाणी काढलं आणि माणूस लुळा पडला' अशी गोष्ट प्रत्येक गावात एक तरी असते. मग स्टेरॉइड दिली. फिट थांबल्या, पण कारखाना थांबेना. उलट स्टेरॉइडनं झोप उडाली आणि रात्री दोनला उठून अण्णा संचालक मंडळाची बैठक घ्यायला लागले. सात आठवड्यांनी त्यांनी डॉक्टर बदलला.

नवे डॉक्टर म्हणजे आमच्या गावातले एक ज्येष्ठ फिजिशियन. सत्तरी ओलांडलेली, दवाखान्यात अजून लाकडी बाक. पेशंटला तपासायला ते पाऊण तास घेतात, म्हणून तरुण डॉक्टर त्यांना हसतात आणि अडलं की त्यांच्याकडेच पाठवतात. त्यांनी अण्णांना पुन्हा एमआरआयला पाठवलं, या वेळी कॉन्ट्रास्टसकट. स्कॅन झाला, मी रिपोर्ट सांगायला बसले आणि त्यांचा फोन आला.

"मॅडम, त्यांच्या बाहुल्या बघितल्यात का?"

"सर, मी बाहुल्या कुठं बघते? मला डोळे नुसते दोन गोळे दिसतात."

"तेच म्हणतो. बारीक आहेत, कडा वेड्यावाकड्या. बॅटरी मारली तर ढिम्म. बोट नाकाजवळ आणलं की मात्र आकसतात."

मी गप्प. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वाक्य पंचवीस वर्षांनी कुणीतरी माझ्या कानात म्हणत होतं. एडिनबराचे नेत्रतज्ज्ञ डग्लस आर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६९ मध्ये या बाहुल्यांचं वर्णन केलं. उजेडाला दाद देत नाहीत, जवळचं बघताना मात्र आकसतात. मधुमेहात कधी कधी याच्यासारखं काही दिसतं, पण डॉक्टरांच्या डोक्यात पहिलं येतं ते उपदंश, म्हणजेच सिफिलिस.

"म्हणजे सर, जीपीआय?" जनरल पॅरेसिसचं, म्हणजे सिफिलिस मेंदूत गेल्यावर येणाऱ्या वेडाचं, हे जुनं नाव माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक.

"पैशाची उधळण, मोठेपणाचे बेत, जड जीभ, हिशेब गेला. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याही मेंटल हॉस्पिटलच्या कंपाउंडरनं ओळखलं असतं. रक्ताची व्हीडीआरएल लिहिलीय. तुम्ही तुमचं बघा."

फोन ठेवला आणि सात आठवड्यांपूर्वीचा पहिला स्कॅन उघडला. चित्र तेच, पण आता दुसरंच दिसत होतं. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांचं एक शिंग कानशिलाच्या दिशेनं जातं. हर्पिसमध्ये मेंदू काही दिवसांत फुगतो आणि हे शिंग दाबून टाकतो. अण्णांचं शिंग पहिल्या दिवसापासून रुंद होतं. म्हणजे भोवतीचा मेंदू सुजलेला होता आणि त्याच वेळी झिजलेलाही होता, आणि झीज काही आठवड्याभरात होत नाही. डिफ्यूजन नावाचा एक प्रकार असतो, ताज्या हर्पिसमध्ये त्यात सहसा काहीतरी लख्ख पेटलेलं दिसतं. तिथे काहीच नव्हतं. कपाळाकडच्या भागातल्या घड्यांमधल्या फटीही ५८ च्या माणसाला न शोभेशा रुंद होत्या. ही सगळी माहिती माझ्यासमोर होती आणि मी तिला 'वयानुरूप' म्हणून निकालात काढलं होतं. ज्या दुखण्यात सूज आणि झीज एकाच जागी, एकाच वेळी दिसतात त्या मोजक्या यादीत हे दुखणं वर आहे, हे मी वाचलेलं होतं. पण सिफिलिस हा शब्द माझ्या डोक्यातल्या 'इतिहास' नावाच्या कप्प्यात होता.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. मेंदूत काहीही चमकलं की आधी टीबी, मग कृमीची गाठ, मग बाकीचं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. या दोघांनी आमचे डोळे इतके व्यापले आहेत की तिसऱ्याला जागाच उरत नाही.

खरं तर हा जंतू मेंदूशी फार लवकर सलगी करतो. ट्रेपोनिमा पॅलिडम, मळसूत्रासारखा वळणदार. बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी १९०५ साली तो पहिल्यांदा दाखवला. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच तो मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचू शकतो. बहुतेकांचं शरीर त्याला तिथून हुसकावतं. ज्यांचं हुसकावत नाही त्यांच्यात तो दबा धरून बसतो. पाच-दहा वर्षांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या धरतो, किंवा दहा ते पंचवीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, मेंदूच खायला लागतो. तोवर मूळची जखम, जी दुखत नाही आणि आपोआप भरून येते, ती माणूस विसरूनही गेलेला असतो. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा वेडात मेलेल्या लोकांच्या मेंदूत हा जंतू दाखवला, तेव्हा कुठे 'हे वेड नव्हे, हा संसर्ग आहे' यावर शिक्कामोर्तब झालं.

आता रिपोर्ट. तुमच्यातले डॉक्टर नसलेले वाचक इथे म्हणतील, त्यात काय, सापडलं ते लिहा. पण आपल्याकडे रिपोर्ट डॉक्टरच्या आधी घरचे वाचतात. काउंटरवरून पाकीट घेतलं की जिन्यात उघडतात, निष्कर्षाचा फोटो काढतात, फॅमिली ग्रुपवर टाकतात. पुण्याची आत्या, दुबईचा भाचा, गल्लीतला मेडिकलवाला, सगळ्यांचं मत येतं आणि मग तो कागद डॉक्टरकडे जातो. मी लिहिलेला एक शब्द संध्याकाळपर्यंत चाळीस फोनांत जाणार होता. आणि एमआरआयला जागा दिसते, जंतू दिसत नाही. हेच चित्र ऑटोइम्यून आजारात दिसू शकतं. रक्ताचा रिपोर्ट हातात नसताना मी कुणाच्या कपाळावर काय लिहीत होते?

लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटी वर्णन नीट केलं, पहिल्या रिपोर्टमधली माझी ओळ चुकीची होती हेही लिहिलं, आणि निष्कर्षात ऑटोइम्यूनच्या बरोबरीनं न्यूरोसिफिलिस हा शब्द ठेवला. पुढे 'रक्ताची व्हीडीआरएल, टीपीएचए आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी आवश्यक. उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं आहे.'

तासाभरात मुलगा माझ्या केबिनमध्ये. दार स्वतःच लावून घेतलं.

"मॅडम, ते एक नाव काढता येईल का?"

"का?"

"आईला इंग्रजी येत नाही. पण माझी बायको वाचते."

मी म्हटलं, काढता येणार नाही. तो म्हणाला, "आमच्यात असलं काही नाही मॅडम. अण्णा माळकरी आहेत." ते खोटं नव्हतं, गळ्यातली तुळशीची माळ तर आम्हीच अंगठीबरोबर काढून ठेवली होती. मी म्हटलं, जंतू माळ बघत नाही आणि मी चारित्र्य तपासत नाही, मी मेंदू तपासते. हे वाक्य मला तेव्हा फार छान वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. तो म्हणाला, "तुम्हाला सोपं आहे," आणि गेला. आणि ते खरंच होतं.

या आजाराला आपलं म्हणायला कधीच कुणी तयार नव्हतं. इटलीत त्याला फ्रेंचांचा रोग म्हणायचे, फ्रान्समध्ये नेपल्सचा. आपल्याकडे सोळाव्या शतकात भावमिश्रांनी भावप्रकाशात त्याला फिरंग रोग म्हटलं, म्हणजे फिरंग्यांबरोबर आलेला, आणि उपायात पारा आणि चोपचिनी सांगितली. बोलीत तो झाला गरमी. सोलापुरातल्या जुन्या भिंतींवर 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' या पाट्या रंगवलेल्या असायच्या, त्यात हेच गुप्त. मी शाळेत जाताना त्या वाचायची आणि आईला अर्थ विचारायची. आई म्हणायची, पुढं बघून चाल.

व्हीडीआरएल आली ती १:६४ ला, म्हणजे रक्त चौसष्टपट पातळ करूनही, पॉझिटिव्ह. टीपीएचए पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह. या चाचण्यांनाही त्यांच्या खोडी आहेत. व्हीडीआरएल जंतू शोधत नाही, बैलाच्या हृदयातून काढलेल्या कार्डिओलिपिन नावाच्या चरबीशी रक्त कसं वागतं ते बघते. त्यामुळे कुष्ठरोगात, मलेरियात, गरोदरपणात ती उगीचच पॉझिटिव्ह येऊ शकते. खूप उशिराच्या टप्प्यात आपोआप थंडही पडते. आणि रक्तात प्रतिपिंडं फारच जास्त असली तर उलट निगेटिव्ह येते, मग रक्त पातळ करून पुन्हा बघावं लागतं. टीपीएचए नेमक्या जंतूविरुद्धची, पण ती एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुतेकांची जन्मभर तशीच राहते. म्हणून शेवटचा पंच पाठीतलं पाणी. आणि तिथे एमआरआयचा एक साधा, कुणी न सांगणारा उपयोग आहे. मेंदूत मोठी गाठ किंवा दाब नाही हे आधी दिसलं की सुई घालणाऱ्याचा हात थरथरत नाही. ती खात्री माझ्या दुसऱ्या स्कॅननं दिली. पाण्यात पेशी वाढलेल्या, प्रथिनं वाढलेली, व्हीडीआरएल पॉझिटिव्ह. पाण्यातली व्हीडीआरएल पुष्कळदा आजार असूनही निगेटिव्ह येते, पण पॉझिटिव्ह आली की वादाला जागा राहत नाही.

मावशींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, कुणी सांगायचं, यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी फिजिशियननी मुलाला बाहेर बसवलं आणि त्यांना एकट्यांना आत घेतलं. काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. जंतू आहे, फार जुना आहे, तुमचंही रक्त तपासावं लागेल, असं सगळं समजावून ते थांबले. मावशींनी विचारलं, "म्हंजी करणी न्हाई?"

"नाही."

"इंजेक्शन हाय का ह्याच्यावर?"

"आहे. पेनिसिलिन."

"मग आधी का न्हाई दिलं?"

सर म्हणाले, "मॅडम, याचं उत्तर मी तुमच्याकडून येणं आहे म्हणून टाकलं." ते हसत होते. मी नव्हते.

पेनिसिलिन म्हणजे जगातल्या जुन्यात जुन्या आणि स्वस्त प्रतिजैविकांतलं एक, आणि म्हणूनच मिळायला महाकठीण. साध्या सिफिलिसला कमरेत घ्यायचं लांब टिकणारं बेंझाथिन चालतं, पण ते मेंदूच्या पाण्यात पुरेसं उतरत नाही. मेंदूसाठी शिरेतून द्यायचं स्फटिक पेनिसिलिन लागतं, दर ४ तासांनी ३० ते ४० लाख युनिट, १० ते १४ दिवस. १० लाखांची एक कुपी धरली तर दिवसाला २४ कुप्या, १४ दिवसांत ३३६. हा हिशेब त्या मुलानं केला, आजारी नसते तर अण्णांनी चुटकीसरशी केला असता. गावातली मेडिकल दुकानं पालथी घालून तो कुप्या गोळा करत होता. दुकानदार विचारायचे, एवढं कशाला लागतं, आणि तो म्हणायचा, हृदयाच्या झडपेला.

पहिल्या रात्री अण्णांना सडकून ताप भरला. जंतू एकदम मरायला लागले की असा ताप येतो, तो अपेक्षितच होता, पण मावशींनी नर्सला धारेवर धरलं. गंमत अशी की याच आजारात ताप हाच इलाज होता असाही एक काळ होऊन गेला. व्हिएन्नाचे वाग्नर-यौरेग १९१७ पासून अशा पेशंटना मुद्दाम मलेरियाचं रक्त टोचायचे, तापानं जंतू मारायचे आणि मग क्विनीननं मलेरिया. काही पेशंट त्यातच जायचे. तरी १९२७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, कारण दुसरं फारसं काही नव्हतं. १९४३ मध्ये पेनिसिलिन या रोगावर चालतं हे कळलं आणि ते सगळं हळूहळू संपलं.

त्यानंतर माझ्या रिपोर्टांत व्हीडीआरएलचा सल्ला वारंवार यायला लागला. एका सहकाऱ्यानं थट्टाही केली, "मॅडमच्या रिपोर्टात गरमी असतेच." बहुतेक वेळा चाचणी निगेटिव्ह येते आणि मला बरं वाटतं. एकदा आली नाही. चाळिशीच्या आतला माणूस, अर्धांगवायूचा झटका. ना रक्तदाब, ना साखर, ना हृदयात गाठ. मेंदूच्या मधल्या धमनीत नळी चिमटल्यासारखी अरुंद जागा. रक्तवाहिनीची भिंत दिसेल असे खास फोटो काढले तर भिंत गोलाकार पेटलेली. टीबीतही असं होतं, म्हणून दोन्ही लिहिलं. निघालं हेच. त्याला अण्णांसारखं वीस वर्षांचं नुकसान झालेलं नव्हतं. तो तीन महिन्यांनी चालत आला.

पाठीच्या कण्याचा मामला मात्र फसवा. हा रोग मज्जारज्जूच्या मागच्या दोऱ्या खातो तेव्हा माणूस अंधारात तोल जाऊन पडतो, पाय आपटत चालतो. एमआरआयमध्ये त्या मागच्या दोऱ्या पांढऱ्या दिसू शकतात. पण हुबेहूब तसंच चित्र बी-१२ च्या कमतरतेत दिसतं, आणि आमच्याकडे बी-१२ ची कमतरता पोत्यानं आहे. त्यामुळे तिथे मी आधी बी-१२ च लिहिते आणि मग दबक्या आवाजात दुसरं. आणि कधी कधी, हे सांगायलाच हवं, स्कॅन अगदी स्वच्छ असतो आणि रोग असतो. 'एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे काही नाही' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांशी मी एरवी वाद घालत नाही, या बाबतीत घालते.

शब्द लिहावा की लिहू नये, याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. हल्ली मी निष्कर्षात 'संसर्गजन्य कारणं' लिहिते, चाचण्यांची नावं लिहिते आणि डॉक्टरला फोन करते; रोगाचं नाव वर्णनाच्या परिच्छेदात घालते, जिथपर्यंत जिन्यातला वाचक सहसा पोचत नाही. ही पळवाट आहे हे मला कळतं. एखाद्या डॉक्टरनंही फक्त निष्कर्षच वाचला आणि माझा फोन लागला नाही, तर? अण्णांच्या वेळी तो शब्द ठळक होता म्हणूनच मुलगा हादरला, आणि हादरला म्हणूनच पाठीतलं पाणी काढायला या खेपेला कुणी नाही म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी अण्णा तिसऱ्या स्कॅनसाठी आले. या वेळी मी मुद्दाम बाहेर जाऊन बसले. बोटात अंगठी नव्हती, गळ्यात माळ होती ती त्यांनी स्वतःच काढून मावशींकडे दिली. कारखान्याचं नाव काढलं की कसंनुसं हसायचे. नोकरी सुटली होती. पाढे बारापर्यंत येतात, पुढे अडखळतात, असं मुलानं सांगितलं. तो सकाळी त्यांच्याकडून म्हणून घेतो. सूनही आली होती. तिनं सासऱ्यांची फाइल तारखेवार लावून आणली होती, माझे तिन्ही कागद त्यात सर्वांत वर.

अण्णा आत गेल्यावर मावशी माझ्याशेजारी सरकल्या. त्यांचंही रक्त पॉझिटिव्ह निघालं होतं. आठवड्याला एक अशी बेंझाथिनची तीन इंजेक्शनं त्यांनी घेतली होती. म्हणाल्या, "मॅडम, ह्या पोरावर माझी तीन गेली. दोन पोटातच, एक सातव्याला मेलेलं झालं. सासूनं दुसरी बायको बघाया काढली हुती. ती ह्याच्यामुळंच गेली आसतील का?"

या रोगात पोटातली मुलं जातात, हे मला माहीत होतं. तीस वर्षांपूर्वी कुणी त्यांचं रक्त तपासलं नव्हतं, हेही त्यांच्याकडून कळलं. मी म्हटलं, "असू शकेल मावशी. आता खात्रीनं नाही सांगता येणार."

त्यांनी मान हलवली. "माजं पोट वाईट न्हवतं मग," त्या म्हणाल्या आणि पदरानं त्या माळेचे मणी पुसत बसल्या.

फ्लेअरमधला पांढरा पट्टा डावीकडे जवळजवळ गेला होता, उजवीकडे पूर्ण. शिंगं होती तशीच रुंद. झिजलेला मेंदू परत येत नाही. मी काचेतून बघत होते. अण्णा या वेळी अजिबात हलले नाहीत. शेवटचा भाग संपून ठणठणाट थांबला तेव्हा टेक्निशियननं माइक सुरू केला आणि विचारलं, "अण्णा, ठीक आहात ना?"

आतून जरा जड आवाज आला. "चारशे बारा झाले."

"काय?"

"ठोके."

आकडा बरोबर होता का, ते मला सांगता येणार नाही. मी मोजत नव्हते.